घर देऊन घेतलेली होडी

आमच्या बेटांवर घर विकत घेतलं की ते उचलून आपल्या गावी न्यावं लागतं. जमीन विकणाऱ्याची, घर घेणाऱ्याचं. घराखाली ओंडके सारायचे, बैल जुंपायचे, किनाऱ्यापर्यंत ओढायचं आणि भरतीला पाण्यात सोडायचं. पुढं होडीनं ओढत पलीकडच्या बेटाला लावायचं. यात नवल काही नाही. माझ्या आत्याचं घर तीनदा समुद्र ओलांडून आलं. चौथ्या वेळी म्हणे ते आपलं आपणच निघालं होतं, कुत्र्यानं भुंकून परत वळवलं. ते मी पाहिलेलं नाही, म्हणून शपथ घेणार नाही. पण ऑर्फेलिना नावेलकिनचं घर समुद्रावरून गेलं ते मी पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, पुढच्या होडीचं सुकाणू माझ्या हातात होतं. तेव्हा मधेमधे हसू नका.

आमचं किलाव बेट लहान. एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाची बाई "देव भलं करो" म्हणते, एवढं लहान. पण देऊळ आहे, लाकडाचं, निळ्या मनोऱ्याचं, आणि देवळात सान अंतोनियो आहे. मूर्ती हातभर उंच आणि उजव्या हाताचं एक बोट नाही. धुक्यात कोळ्यांना बंदर दाखवायला त्यानं बोट पुढं केलं आणि जाणाऱ्या गलबताच्या दोरानं ते नेलं, असं मी सांगतो. पाद्रीबाबा सांगतात, किडीनं खाल्लं. ज्याला जे शोभेल ते त्यानं मानावं.

ऑगस्टच्या अखेरीला सगळ्या बेटांचे संत होडीत बसून तोल्केनच्या मोठ्या देवळात जमतात. तिथं मिरवणूक निघते, आणि मिरवणुकीत कोण पुढं, कोण मागं, हे आमच्या आजोबांच्या आजोबांनी ठरवून ठेवलंय. सान अंतोनियो सगळ्यांच्या पुढं. आता, ज्या गावाकडे होडी नाही त्या गावाचा संत शेजाऱ्याच्या होडीतून जाऊ शकतो. त्यात कमीपणा नाही. एक वर्ष पाहुणा, दुसरं वर्ष पाहुणा. पण तिसऱ्या वर्षीही परक्या होडीतून उतरला, तर तो त्या होडीवाल्यांच्या संताच्या मागं चालायचा. कायमचा. पोरांच्या पोरांपर्यंत.

समुद्र बेटावर चढून आला त्या साली आमची होडी गेली. ती पार टेकडीवरच्या सफरचंदाच्या झाडात अडकलेली सापडली, तीही अर्धीच. मग दोन वर्षं सान अंतोनियो शेजारच्या मेल्तेन बेटाच्या होडीतून गेला. होडी रोसामेल ओयार्सोची. मेल्तेनवर या रोसामेलची दोन दुकानं होती आणि तीन हनुवट्या. दुसऱ्या वर्षी त्यानं आमच्या संताला बटाट्याच्या पोत्यांमध्ये बसवलं आणि शेजारी डुक्कर बांधलं. खाडी ओलांडेपर्यंत डुकरानं संताच्या गळ्यातली कागदी फुलं खाऊन टाकली. रोसामेल म्हणाला, "चला, आमचं डुक्करही आता भाविक झालं."

सगळे हसले. ऑर्फेलिना हसली नाही.

संताच्या देव्हाऱ्याची किल्ली तिच्याकडे असे. त्याचे कपडे धुणं, फुलं करणं, सणाला त्याला मांडीवर घेऊन होडीत बसणं, सगळं तिचं. तिनं लग्न केलं नव्हतं. माझ्या तोलाचा पुरुष बेटावर नाही, असं ती म्हणे. तिला विचारायची छाती असलेला पुरुष बेटावर नाही, असं आम्ही म्हणत असू, पण हळू आवाजात. माझ्या थोरल्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनं हातावर घेतलं होतं, म्हणून ती मला कोंपाद्रे म्हणे आणि मी तिला कोमाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावंडांपेक्षा घट्ट. भावाला नाही म्हणता येतं. कोमाद्रेला येत नाही.

तोल्केनहून परतल्यावर किनाऱ्यावर पाय ठेवताच ती म्हणाली, "कोंपाद्रे, पुढच्या सणाला सान अंतोनियो आपल्या होडीत बसेल."

"कुठल्या होडीत? आपली डोलकाठी तुझ्याच परसात उभी आहे. तीवर तू पोलकी वाळत घालतेस."

"होडी घेऊ."

"नवी?"

"नवी होडी आणि नवा नवरा, दोन्ही कधी दगा देतील सांगता येत नाही. वापरलेली घेऊ. तिनं काय काय सोसलंय ते निदान दिसतं."

मग वर्षभर आम्ही होड्या बघत हिंडलो. मुलगी बघायला जातात तसे. तिच्याजवळ एक सुरी, एक लाकडी हातोडी आणि तिचं नाक. माझ्याजवळ माझी जीभ.

मोठ्या गावच्या बंदरात एक होडी पाहिली, नवरीसारखी रंगवलेली, लाल आणि पांढरी. मालक तिचे गुण गात होता आणि मी माना डोलावत होतो. ऑर्फेलिनानं रंगावर सुरीचं टोक टेकवलं. सुरी मुठीपर्यंत आत गेली.

"अहो बाई, चीज कापताय का?" मालक ओरडला.

"चीज असतं तर घेतलं असतं," ती म्हणाली आणि सुरी पुसून चालू लागली.

दुसरी होडी एकाच्या गोठ्यामागं पडली होती. तिच्यात कोंबड्यांनी एवढी वर्षं संसार केला होता की मालकाला होडीपेक्षा अंड्यांचीच जास्त माहिती. तळाशी पावसाचं पाणी साठलेलं. ऑर्फेलिनानं वाकून वास घेतला आणि नाक वर केलं. "खारं पाणी लाकडाला मुरवतं, कोंपाद्रे. गोडं पाणी लाकडाला खातं. मुरलेलं चालेल, कुजलेलं नको." आणि असं म्हणून तिनं माझ्याकडे का पाहिलं ते मला आजवर कळलेलं नाही.

तिसरी मात्र चांगली होती. ठोकली तर घंटेसारखी वाजत होती. मी तर मनातल्या मनात तिच्यात बसून शीडही उभारलं होतं. पण सौद्याची वेळ आली आणि म्हातारा मालक होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, मिठी मारून रडायला लागला. ऑर्फेलिनानं त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि मला ओढत बाहेर आणलं.

"अगं, रडू दे की त्याला! एवढी चांगली होडी!"

"रडणाऱ्याकडून घेतलेली होडी आयुष्यभर त्याच्या घराकडे वळत राहते. मला सुकाणूशी रोज भांडायचं नाही."

असं करता करता जुलै उजाडला, आमच्याकडची थंडी आली. सण तोंडावर आला आणि आमच्या हाती एक वल्हंसुद्धा नव्हतं. अन् तेव्हा कळलं की रोसामेलनं मोटारलाँच घेतली आणि त्याची जुनी शिडाची होडी मेल्तेनच्या वाळूत आडवी पडून आहे. त्याच होडीत डुकरानं फुलं खाल्ली होती. तिचं नाव 'पोर्फियादा', म्हणजे हट्टी.

आम्ही गेलो. रोसामेल दुकानाच्या दारातून खाली आला, मागून अर्धं मेल्तेन. होडीला नुकताच हिरवा रंग दिला होता. ऑर्फेलिनानं परकर खोचला, चिखलात गुडघे टेकले आणि एका टोकापासून फळी फळी ठोकत निघाली. ठण. ठण. ठण. नाळेजवळ आली आणि आवाज आला, थप.

"पावसाचं पाणी," ती म्हणाली. "ही एक फळी गेलीय. रंगाखाली लपवलीस."

"रंग सगळ्या होडीला दिलाय बाई, हिलाच लपवायला नाही," रोसामेल म्हणाला.

"नवीन रंग आणि नवीन मिशा. माणूस कशाला लावतो ते मला कळतं."

मग ती आत चढली, फासळ्यांना पाठ टेकून बसली आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ. रोसामेलनं मला विचारलं, "झोपली का?"

"ऐकतेय," मी म्हणालो.

"काय म्हणते माझी होडी?"

ऑर्फेलिनानं डोळे न उघडताच उत्तर दिलं. "म्हणते, याच्याकडे चाळीस वर्षं लाकूड वाहिलं, बटाटे वाहिले, नवऱ्या वाहिल्या, मुडदे वाहिले, आणि यानं कधी एकदा घासलं नाही." मग उतरली. तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच मी समजलो. होडी मिळाली होती. आता फक्त विकत घ्यायची होती.

"काय घेशील, रोसामेलराव?"

रोसामेलनं हनुवट्या कुरवाळल्या. "पैसा माझ्याकडे आहे. मला घर हवंय. सप्टेंबरात पोरीचं लग्न. जावयाकडे एक टोपी आणि एक गिटार, बस. तुझं घर दे."

तिचं घर म्हणजे किलावचं सगळ्यात देखणं घर. सरूच्या लाकडाचं, भिंतीवर माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी चकत्या, आणि पुढं छोटा व्हरांडा. तिच्या बापानं बांधलेलं. मी तिची बाही ओढली. "कोमाद्रे, तू राहशील कुठं?"

"चूलघरात." घरामागं धुराचं चूलघर असतंच प्रत्येकाचं, ज्यात मांस धुरावर वाळवायचं आणि पावसात बसून गप्पा मारायच्या. "तिथंच तर बसते मी दिवसभर. घर काय, पाहुण्यांसाठी असतं." मग रोसामेलकडे वळली. "पण एक अट. तुझी होडीच माझं घर इथवर ओढून आणेल. आणलं, तर होडी आमची, घर तुझं. वाटेत दमली, तर होडी तुझी, घर माझं."

रोसामेलच्या डोक्यात हिशेब चाललेला मला दिसत होता, पाण्यातला मासा दिसावा तसा. होडीनं घर आणलं, तर पोरीला घर मिळतंय. होडी दमली, तर सान अंतोनियो तिसऱ्या वर्षीही त्याच्याच लाँचमध्ये, आणि पुढं कायमचा मेल्तेनच्या सांता रोसाच्या मागं. दोन्हीकडून त्याचंच ताट भरत होतं.

"पटलं," तो म्हणाला.

"मग चल, माझ्या चुलीपाशी ये आणि खा."

आमच्याकडे सह्या-अंगठ्यांना कुणी विचारत नाही. विकणारा घेणाऱ्याच्या चुलीवरचं खातो, तेव्हा सौदा पक्का. घास पोटात गेला की शब्द परत घेता येत नाही. रोसामेलनं पोटावर हात फिरवला.

"आत्ता भूक नाही बाई. घर पोचलं की खाईन. आणि खाईपर्यंत होडी माझी, हं. तिला एक खिळाही ठोकायचा नाही कुणी."

मेल्तेनचे लोकसुद्धा पायांकडे बघायला लागले. त्यानं मागचं दार उघडं ठेवलं होतं, हे सगळ्यांना कळलं. आणि ती कुजलेली फळी तशीच राहणार, हेही.

"शब्द," ऑर्फेलिना म्हणाली. "एक खिळाही नाही."

घर तरंगायला उधाणाची भरती लागते. ती सणाच्या दोन दिवस आधी होती. त्या सकाळी सगळं किलाव बैल घेऊन आलं. याला आम्ही मिंगा म्हणतो. ज्याला गरज तो बोलावतो, बाकीचे येतात, मजुरी कुणी मागत नाही, पण नंतर जेवायला घालावं लागतं, आणि किलावचे लोक जेवतात कसे ते पाहिलंत तर मजुरी परवडली म्हणाल. घराच्या खालच्या मजल्याच्या खिडक्या काढल्या, आडव्या तुळया ठोकल्या, ओंडके लावले. "हो, बार्सिनो! हो, क्लावेल!" बैल ताणले, माणसं ताणली, कुत्री भुंकली, आणि घर करकरत उठलं. वाटेत एकदाच अडकलं, तेही देवळासमोर. निरोप घेत होतं, असं माझं म्हणणं.

ऑर्फेलिनानं मागं वळून एकदा पाहिलं. जिथं घर होतं तिथं नुसते खुंटाचे दगड आणि पिवळं पडलेलं गवत. एकदाच पाहिलं. मग म्हणाली, "चूल माळ्यावर चढवा."

"चूल कशाला? ती तर नंतर वेगळी नेऊ."

"सौदा व्हायचाय, कोंपाद्रे. विझलेल्या चुलीवर रोसामेलला काय खाऊ घालू?"

तेव्हा लोखंडी चूल माळ्यावर चढवली, खाली मातीची पेटी ठेवली, धुराडं छपरातून बाहेर काढलं. खालच्या मजल्यात पाणी येणार होतं, माळा कोरडा. घराच्या चारी बाजूंना रिकामी पिंपं बांधली. भरती चढली. घर आधी कुरकुरलं, मग एका कोपऱ्यानं उचललं गेलं, मग सगळंच तरंगलं, आणि किनाऱ्यावरच्या साऱ्या बायका एकदम ओरडल्या, जणू बाळ जन्मलं.

आता पोर्फियादा. ती आम्ही आदल्या दिवशीच मेल्तेनहून आणून किनाऱ्याला बांधली होती. होडीवर मी आणि दोघे बार्रिया भाऊ; ते भाऊ एवढे मितभाषी की वर्षातून एकदा बोलले तर शेजारी विचारायला येत. नाळेजवळच्या त्या फळीला मी आदल्या रात्री लोकर आणि चरबी लावली होती. खिळा नाही. पण ऑर्फेलिनानं हात लावून पाहिलं, नाक मुरडलं आणि घरातून पीठ आणलं. कच्चा बटाटा किसून, उकडलेला कुस्करून मळलेलं, मिलकाव, म्हणजे आमच्या बटाट्याच्या जाड भाकऱ्या, भाजायला ठेवलेलं. ते मूठमूठ फटीत भरलं. "शिळा मिलकाव चावताना माझ्या भावाचा दात पडला होता," ती म्हणाली. "धरेल." हसू नका. माझ्या सासूनं घराच्या पायऱ्या मिलकावनं सांधल्या होत्या, अजून आहेत.

शीड चढवलं. दोर ताणला. घर जागचं हललं नाही. पोर्फियादा कलली, नाळ वर काढली, थरथरली. वारा शिडात भरलेला, दोर वीणेच्या तारेसारखा, आणि दोन्ही जागच्या जागी, बैल आणि रुतलेली गाडी जशी. मी सुकाणूवर वाकलो आणि तिच्या कानात म्हणालो, "हट्टी म्हणवतेस ना?"

आणि ती निघाली.

त्या दिवसानंतर मी पुष्कळ गोष्टी पाहिल्या. विमान पाहिलं, विजेचा दिवा पाहिला. पण माझी छाती त्या दिवसासारखी कधी फुगली नाही. पुढं तपकिरी शीड, मागं लांब दोर, दोराच्या टोकाला घर, घराच्या धुराड्यातून धूर, आणि माळ्याच्या खिडकीत ऑर्फेलिना, डोक्याला रुमाल बांधून, जणू रोजच या वाटेनं बाजाराला जाते. छपरावर तिच्या कोंबड्या होत्या, त्यांना कुणी खाली उतरायला सांगितलंच नव्हतं. अर्ध्या तासात एक समुद्रसिंह व्हरांड्यात चढला आणि पायपुसण्यावर झोपला. दक्षिणेकडे जाणारी आगबोट आमच्या बाजूनं गेली. कप्तानानं टोपी काढली आणि भोंग्यातून विचारलं, "कुठल्या बंदराहून निघालात?"

"स्वयंपाकघरातून!" ऑर्फेलिना ओरडली.

रोसामेलही आला होता, मोटारलाँच घेऊन, संगतीला चार मित्र. फटफट करत आमच्याभोवती घिरट्या घालत होता. "ए म्हाताऱ्या! होडी घराला ओढतेय की घर होडीला?" "ऑर्फेलिनाबाई, व्हरांड्यात गळ टाका, कालवणाची सोय होईल!" मी काही बोललो नाही. माझ्यासाठी ते किती अवघड होतं ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

खाडीच्या मध्यावर वारा उत्तरेला फिरला. आभाळ खाली आलं, पाऊस सुरू झाला, लाटा आडव्या यायला लागल्या. पोर्फियादाची नाळ प्रत्येक लाटेत बुडून वर यायची, आणि प्रत्येक वेळी त्या फळीतून थोडं पाणी आत. मिलकाव धरून होता, पण कडेनं सुटत चालला होता. बार्रिया भाऊ पाणी उपसत होते. माझ्या बाकाखाली मी सरूचा एक तुकडा, हातोडा आणि खिळे ठेवले होते, लपवून. आणि शब्द दिलेला. एक खिळाही नाही.

थोरला बार्रिया त्या वर्षीचं आपलं वाक्य बोलला. "ठोकू?"

"नाही."

"बुडू."

"मग बुडू. पण मेल्तेनवाल्यांनी असं म्हणता कामा नये."

त्यानं मान हलवली आणि परत उपसायला लागला. किलावची माणसं अशी आहेत. बुडणं परवडतं, टोमणा परवडत नाही.

आणि तेव्हाच रोसामेलला एक शेवटची गंमत सुचली. होडी आणि घर यांच्या मधून, दोराखालून लाँच काढायची. त्यानं डोकं वाकवलं, दोर वरून गेला, मित्रांनी टाळ्या वाजवल्या. पण घराच्या पुढच्या तुळयांनी वाटेतलं सारं शेवाळ ढकलत आणलं होतं, हाताएवढ्या जाड चामडी वेलींचं. ते लाँचच्या पंख्यात गेलं. फट, फट, फ... आणि शांत. मेल्तेनचा अभिमान लाटेवर आडवा पडला आणि खडकांकडे वाहायला लागला.

"दोर! दोर टाका!"

ऑर्फेलिनानं खिडकीतून कपडे वाळत घालायची दोरी टाकली. तिला पोलक्यांचे दोन चिमटे अजून अडकलेले होते. "व्हरांड्याच्या खांबाला बांधा. आणि चपला काढून वर या, वरची जमीन मी आजच धुतलीय."

लाँच घराला बांधली गेली. मित्र लाँचमध्येच पाणी उपसत बसले. रोसामेल मात्र खिडकीतून माळ्यावर चढला, निथळत, दातांवर दात आपटत. आत चूल ढणढणत होती. तव्यावर मिलकाव, वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. त्या वासानं व्हरांड्यातला समुद्रसिंहही जागा झाला. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. जे येत नव्हतं ते मी नंतर जुळवलं.

"घ्या, रोसामेलराव."

"भूक नाही मला."

त्यावर त्याच्या पोटानं असं उत्तर दिलं की मी आभाळाकडे बघितलं, वीज कडाडली म्हणून.

"नसेल तर राहू दे. जबरदस्ती नाही," ऑर्फेलिना म्हणाली आणि एक मिलकाव उलटवला. चर्र झालं. "बाहेर पाऊस आहे, आत चूल आहे. तुम्ही पाहुणे आहात. हवं तेवढा वेळ न खाता बसा."

इकडे पाणी माझ्या घोट्यांपर्यंत आलं होतं. धाकटा बार्रिया मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होता, ओठ हलत होते. मी घराकडे बघत होतो. आजवर कुणा माणसाच्या तोंडाकडे मी एवढ्या आशेनं बघितलेलं नाही. बायकोच्यासुद्धा नाही.

आणि मग खिडकीत ऑर्फेलिना आली. दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडली, साऱ्या खाडीला ऐकू जाईल असं.

"कोंपाद्रे! खाल्लं! होडी आपली! ठोक!"

मी ठोकले. देवाशपथ, एवढ्या आनंदानं मी माझ्या लग्नाच्या पलंगालाही खिळे ठोकले नव्हते. सरूचा तुकडा बसला, पाणी थांबलं. बार्रिया भाऊ रडत होते की पावसानं भिजले होते, ते विचारायची सोय नव्हती. रोसामेलनं किती मिलकाव खाल्ले ते मी मोजले नाहीत, पण उतरला तेव्हा त्याला चौथी हनुवटी आली होती.

मेल्तेनचा किनारा माणसांनी भरला होता. त्यांना काय दिसलं असेल बघा. आधी त्यांचीच जुनी, न घासलेली पोर्फियादा, नाळ ताठ. तिच्यामागं घर, धूर सोडत, छपरावर कोंबड्या. आणि घराच्या व्हरांड्याला, कुत्रं बांधावं तशी, रोसामेलची नवीकोरी मोटारलाँच. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली, मग सगळ्यांनी काढल्या.

घर वाळूवर टेकल्यावर ऑर्फेलिनानं चुलीतले निखारे लोखंडी भांड्यात भरले आणि पोर्फियादावर आणून ठेवले. "घर तुमचं, रोसामेलराव. लेक सुखानं नांदो. विस्तव माझा." त्याच विस्तवावर त्या रात्री किलावच्या चूलघरात सगळ्या बेटाला जेवण मिळालं. मी तिथं ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली. तेव्हा समुद्रसिंह एकच होता. पुढं काही वर्षं दोन झाले होते, पण आज मी खरं तेच सांगितलं.

सणाच्या सकाळी वारा दक्षिणेचा, आकाश धुतलेलं. पोर्फियादा आम्ही तळापासून घासली होती, आयुष्यात पहिल्यांदा. ती लाजत होती. सान अंतोनियोला नवी फुलं, ऑर्फेलिना नाळेजवळ, मांडीवर संत. दोर सोडणार तेवढ्यात वल्ह्याची एक छोटी डोंगी धापा टाकत आली. तिच्यात रोसामेल. अंगात कोट, हातात टोपी, आणि घोंगडीत गुंडाळलेली सांता रोसा.

लाँचचा पंखा वाकला होता. मोटार मेल्तेनच्या वाळूत तुकड्या-तुकड्यांत पडली होती, आणि शिडाची होडी तर त्यानं विकून टाकली होती.

"ऑर्फेलिनाबाई," तो म्हणाला. "जागा आहे का?"

आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. एक शब्द, आणि मेल्तेनची सांता रोसा त्या वर्षी घरीच बसली असती. ऑर्फेलिनानं होडीभर नजर फिरवली.

"आमच्याकडे बटाट्याची पोती नाहीत," ती म्हणाली. "डुक्करही नाही. चालेल?"

रोसामेल टोपी फिरवत राहिला. तिनं आपली शाल काढून कोरड्या फळीवर अंथरली, सांता रोसाला सान अंतोनियोच्या शेजारी बसवलं, आणि शालीचं टोक तिच्या खांद्यावरून नीट ओढून घेतलं. मग स्वतः वाऱ्यात उघड्या मानेनं बसली, ताठ.

तोल्केनच्या घंटा आम्हाला लांबूनच ऐकू यायला लागल्या. सगळ्या बेटांच्या होड्या आत शिरत होत्या, आणि त्यांनी आम्हाला वाट दिली. बोट नसलेला हात पुढं करून सान अंतोनियो आपल्या होडीतून उतरला, सगळ्यांच्या पुढं, जसा आजोबांच्या आजोबांच्या वेळी उतरत होता.

सांता रोसाला उतरवायला रोसामेलनं हात पुढं केले. ऑर्फेलिनानं मूर्ती जपून त्याच्या हातात दिली, घोंगडी सारखी केली, आणि गोड आवाजात म्हणाली,

"सांभाळून हं, रोसामेलराव. हे पहिलं वर्ष."